एक्केचाळिसातलं एक

आम्ही सगळे वर्कशॉपमधून बाहेर पडताना हात धुवायचो. भिकननाना आत जाताना धुवायचे. नळाखाली कोपरापर्यंत हात चोळायचे, स्वच्छ फडक्याने बोटं एकेक करून पुसायचे आणि मगच लोखंडाला हात लावायचे. "घामानं माप बिघडतं," म्हणायचे. धुळ्याच्या आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ते फिटरचे निदेशक होते आणि मी वर्कशॉपचं गणित शिकवायचो. मी फळ्यावर दशांश चिन्हापुढे तीन आकडे काढत बसायचो, तोवर ते शेजारी उभं राहून त्याच जॉबवरून, म्हणजे घडत असलेल्या लोखंडी तुकड्यावरून, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "मास्तर, डाव्या अंगाला केसभर जास्त आहे." व्हर्नियर लावून बघितलं की केसभरच जास्त निघायचं. माझं गणित त्यांनी कधी खोटं ठरवलं नाही, पण त्याची गरजही कधी पडू दिली नाही.

दिसायला माणूस अगदीच किरकोळ. उभा राहिला तर दाराआड लपेल असा. खाकी शर्टाच्या खिशात पेन्सिल, पोलादी पट्टी आणि सोनाराकडे असतं तसं भिंग. यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे कान गेलेले. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि गुपित बोलायचं म्हणजे शेतात जायचं. संस्थेत ते आमच्यासारखंच छापील मराठी बोलायचे. राग आला किंवा माया दाटून आली की मात्र अहिराणीवर यायचे. दोन्ही वेळा चेहरा एकच असायचा, त्यामुळे नेमकं काय आलंय ते समोरच्याला उशिरा कळायचं.

असल्या माणसाला रणगाडा फोडणाऱ्या बंदुकीचा नाद लागावा, हे मला सुरुवातीला हसण्यासारखं वाटलं होतं. हसलोही होतो.

तो नाद त्यांना वडिलांकडून आला. वडील दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर परदेशी वाळवंटात गेले होते. त्यांच्या हाती दिलेली बंदूक दोन माणसांनी उचलायची, पुढे एका पायावर टेकवायची आणि पालथं पडून झाडायची. काडतूस हाताच्या पंजाएवढं. तिचा दणका खांद्यात असा बसायचा, की वडिलांचं उजव्या खांद्याचं हाड दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा वाकडं जुळलं. गावी परतल्यावर या माणसाला मरेपर्यंत उजव्या हाताने पगडी बांधता आली नाही.

परतताना त्यांनी ट्रंकेत एक काडतूस आणलं होतं. जिवंत. त्यामागची त्यांची हकीकत अशी: एक रणगाडा समोर येऊन थांबला, यांच्याकडे शेवटची गोळी उरलेली. तेवढ्यात रणगाड्याचं झाकण उघडलं आणि आतला एक पोरगेला शिपाई वर येऊन डोक्यावर पाणी ओतून घ्यायला लागला. वडिलांना काही चाप ओढवला नाही. रणगाडा वळून निघून गेला आणि गोळी शिल्लक राहिली. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले आणि गाव आयुष्यभर हसत राहिलं. लोक म्हणायचे, पळून आला असेल, आणि ते काडतूस तरी खरं कशावरून, पोकळ पुंगळी दाखवतो. नानांचं बालपण 'पोकळ गोळीवाल्याचा पोऱ्या' म्हणवून घेण्यात गेलं. वडील गेल्यावर ट्रंक नानांकडे आली. काडतूस भरलेलं आहे की पोकळ, हे उघडून पाहायची हिंमत त्यांना कधी झाली नाही. "उघाडं आनी आत काहीच नई निंघनं, तर मी काय करू?" असं ते मला एकदा म्हणाले होते.

म्हणून उघडण्याऐवजी त्यांनी त्याला भावंडं गोळा करायला घेतली. धुळ्याच्या भंगार बाजारात आम्ही दोघं रविवारी सकाळी जायचो. मी जुनी पुस्तकं चाळायचो आणि नाना पितळेच्या ढिगापुढे उकिडवे बसायचे. त्या जातीच्या रिकाम्या पुंगळ्या कधी कोणाच्या देव्हाऱ्यात उदबत्तीचं घर म्हणून असायच्या, कधी तंबाखूवाल्याकडे चुन्याची डबी म्हणून. पुंगळीच्या बुडाला साल आणि कारखान्याची अक्षरं ठोकलेली असतात. भिंग लावून नाना ती वाचायचे आणि वडिलांच्या काडतुसाचं साल, त्याचीच अक्षरं असतील तरच उचलायचे. बाकीच्यांना शिवायचे नाहीत. एका भंगारवाल्याकडे त्यांना बंदूकही मिळाली, गॅसने तीन ठिकाणी कापलेली. ते तीन तुकडे घरी फळीवर ओळीने मांडलेले असत, मध्ये बरोबर दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमच्यासारख्याला जोडायला अर्धा दिवस लागणार नाही." तर म्हणाले, "जोडली की गुन्हा, ठेवली तर भंगार. दोन बोटांत सगळा कायदा आहे, मास्तर." मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

रिकाम्या पुंगळ्या मात्र त्यांनी रिकाम्या ठेवल्या नाहीत. गावाकडच्या गिरणा नदीची रेती तीनदा चाळून त्यात ठासून भरली. पुढची टोकं लेथवर काढली, खालच्या, बंदुकीची ठोकर बसून चेपलेल्या टोप्या काढून तिथे नव्या कोऱ्या पितळी बसवल्या. एवढ्यावरही समाधान नाही. सुट्टीत गावी गेले की भडगावच्या एका सोनाराच्या काट्यावर एका पारड्यात वडिलांचं काडतूस आणि दुसऱ्यात आपलं ठेवून चिमूट-चिमूट रेती कमी-जास्त करायचे. सोनार बिचारा काटा नानांच्या हवाली करून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. असं करत चाळीस झाली. वडिलांचं धरून एक्केचाळीस. सगळी एका मापाची, एका वजनाची, एका सालाची. ओळखू यावं म्हणून वडिलांच्या काडतुसाला त्यांनी मानेशी लाल रंगाचं बारीक कडं काढलं होतं. तेवढीच एक खूण.

हा माणूस निष्काळजी होता असं कोणी म्हणू नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका रविवारी त्याच भंगार बाजारात नाना पितळ उलथताना मध्येच थांबले. ढिगात एक गंजलेलं, माशाच्या आकाराचं काहीतरी होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा त्यावर हळूच टाकला, दुकानदाराला हाताने मागे सरायला सांगितलं, मला पोलिसांना फोन करायला पाठवलं आणि स्वतः वीस पावलांवर रस्ता अडवून बसले. भर उन्हात पाच तास. बॉम्ब निकामी करणारं पथक येऊन ते घेऊन जाईपर्यंत पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. एक गिऱ्हाईक तिकडे जायला लागलं, तर या एवढ्याशा माणसाने त्याची कॉलर धरली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

निवृत्तीनंतर मी जळगावला मुलाकडे आलो आणि नाना भडगावजवळ गिरणेकाठच्या आपल्या गावी गेले. त्यांचे मुलगा-सून सुरतला असतात. घरात नाना, नातू महेश आणि वर्षभरापूर्वी सावद्याहून आलेली नातसून ज्योती. केळीवाल्यांच्या घरातली, मोठ्या आवाजाची, त्यामुळे नानांचं तिच्याशी फार जमायचं. ती पहिली व्यक्ती, जिचं बोलणं त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे. खंडेनवमीला मी दरवर्षी त्यांच्याकडे जायचो. संस्थेत आम्ही त्या दिवशी यंत्रांची पूजा करायचो, ती सवय मोडवत नव्हती. नाना पाटावर पट्ट्या, कानशी, व्हर्नियर आणि ती काडतुसं मांडायचे.

त्या वर्षीही गेलो. सकाळी आम्ही दोघं झेंडूची फुलं आणि नारळ आणायला भडगावला गेलो. परतलो तेव्हा ओटीत शिरतानाच डोळे दिपले. भिंतीशी पहिल्या वेचणीचा कापूस कमरेएवढा पडलेला. कोनाड्यात घटापुढचा नंदादीप. आणि त्या दोहोंच्या मधे पाटावर एक्केचाळीस काडतुसं उभी, सोन्यासारखी लखलखत. एरवी ती काळपट असायची, कारण नाना त्यांना फडक्याशिवाय काही लागू द्यायचे नाहीत. ज्योतीने आम्ही नसताना सगळी चिंच-मीठ लावून घासली होती. खंडेनवमीला घरातलं पितळ घासतात, ती सावद्याला आईच्या हाताखाली हेच शिकलेली. एकेकाला हळदीकुंकवाचं बोटही लावलेलं.

नाना चपला न काढता पाटाजवळ गेले. वाकले. ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेले, मग परत उलटं. खिशातून भिंग काढलं. मला काही कळत नव्हतं. आणि मग कळलं. लाल कडं कुठेच नव्हतं.

"ज्योती," नाना म्हणाले, अगदी छापील मराठीत, "एकाला लाल रंग होता ना गं?"

"ते?" ती पदराला हात पुसत हसली. "ते मांगच्या सालचं कुकू वाळेल व्हतं, आबाजी. चिंचीनं काही निंघे ना. मंग विटकरीनं घासलं, तव्हा निंघालं."

मी नानांकडे पाहिलं. त्या मुलीला पाचवा महिना होता. ती कौतुकाची वाट पाहत उभी होती. नानांनी तिला शाबासकी दिली, "झकास करं, पोरी. बठ्ठं झकास करं." आणि पाटासमोर बसून त्यांनी नेहमीसारखी पूजा केली. फुलं वाहिली. निरांजन मात्र पेटवलं नाही. काड्यापेटी ओली झालीय म्हणाले. नारळ फोडायला अंगणाच्या पार टोकाला गेले. मी तोवर कापसाकडे पाहत होतो, नंदादीपाकडे पाहत होतो आणि दारापर्यंत किती पावलं आहेत ते मोजत होतो. मला माझी लाज वाटली, पण मोजणं थांबलं नाही.

दुपारी मळ्यात गेल्यावर मी ओरडून विचारलं, "आता?"

"आता काय," नाना म्हणाले. "चाळीस मी केली. एक बापाचं. माझं मलाच ओळखता येत नाही." हे सांगताना त्या स्थितीतही त्यांच्या आवाजात कारागिराचा थोडासा ताठा होता, आणि त्याचाच मला संताप आला. वजन करावं तर सगळ्यांचं सारखं. हलवून ऐकावं तर रेती ठासून भरलेली, आवाज कोणाचाच येणार नाही. आणि हलवणार कोण? मोतीबिंदूच्या डोळ्यांना लेथच्या रेघा दिसत नव्हत्या, आणि दिसल्या असत्या तरी विटकरीने सगळ्यांवर सारखेच ओरखडे काढले होते.

मी म्हटलं, पोलिसांना कळवा. भंगार बाजारात तुम्हीच कळवलं होतं.

"ते बेवारस व्हतं," नाना म्हणाले. "हाई मना बापनं शे."

पुढचं सगळं ते अहिराणीत बोलले. पोलीस एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नेतील आणि एकदमच उडवतील. मग बाप खरा होता की पोकळ, हे कधीच कळणार नाही. आपण एकेक उघडणार. ज्यातून रेती निघणार नाही ते बापाचं, तिथे थांबणार आणि तेवढं एक स्वतः नेऊन ठाण्यात देणार. ज्योतीला यातलं काही सांगायचं नाही. पोटुशी पोर आहे, ती हाय खाईल. "तुम्ही तोंड उघाडशात तर मना तुमना संबंध संपना," असं शेवटी म्हणाले. चेहरा नेहमीसारखाच होता.

त्या आठवड्यात त्यांनी काडतुसांसकट बिऱ्हाड मळ्यातल्या खोलीत हलवलं. ज्योतीला सांगितलं, घरात कापसाचा वास डोक्यात जातो. डबा बांधावर ठेवून जायचं, खोलीकडे यायचं नाही, अशी ताकीद. ती मला फोनवर म्हणाली, "काका, आबाजी माह्यावर रुसले का हो? माह्या हातचा चहा बी घेत न्हाईत आता." मी काहीतरी थाप मारली.

दिवाळीनंतर मी गेलो. बांधावरूनच ओरडायचं ठरलं होतं, पण नानांना ऐकू येत नव्हतं, म्हणून जवळ जावं लागलं. लिंबाखाली ठोकळ्यावर वाइस, लोखंड घट्ट धरायचा शिकंजा, बसवलेला. शेजारी बादलीत पाणी, साबण, स्वच्छ फडकं. जमिनीवर रेतीचे अकरा छोटे ढीग, प्रत्येकापुढे त्याची पुंगळी आडवी. बारावं काडतूस वाइसमध्ये होतं.

नाना हात धूत होते. कोपरापर्यंत चोळून, बोटं एकेक करून. आणि तो हात, ज्याच्या अंगठ्याला केसाची जाडी कळायची, त्याला फडकं धरवत नव्हतं. ते दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा ते मी उचलून दिलं.

"रोज एकच करतो," ते म्हणाले. "सकाळी हात जरा बरा असतो. काल जमलं नाही. परवाही नाही."

मी पुष्कळ बोललो. ज्योतीचं नाव घेतलं, येणाऱ्या बाळाचं घेतलं, त्यांच्या मेलेल्या बायकोचंही घेतलं. ते ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, सरका. माले काम करू द्या." मी सरकलो. बांधापर्यंत गेलो, खाली बसलो आणि कानात बोटं घालून घेतली, माझ्या वयाच्या माणसाने. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर नाना बारावा ढीग बोटाने सारखा करत होते.

भडगावला जळगावची बस लागलेली होती. मी चढलो, जागाही मिळाली. मग उतरलो आणि पोलीस ठाण्यात गेलो. मी चुगली केली. त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. चुकलो असंही मला वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे फळ्यावर मांडता येत नाही.

त्याच संध्याकाळी मळ्यावर पहारा बसला आणि पथक दोन दिवसांनी आलं. पंचनाम्याला मला बोलावलं होतं. साहेब समजूतदार होते, नानांशी अदबीने बोलले, पण नियम तो नियम: उरलेली एकोणतीस नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा करून एकत्र उडवायची. एकेक उघडून बघायची जोखीम त्यांची माणसं घेणार नव्हती. बंदुकीचे तीन तुकडे गाडीत गेले. जबाब लिहून घेताना ज्योतीला सगळं समजलं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. नाना तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुनी काय चूक, पोरी? कुकूसारखा रंग मी लावा." एवढं म्हणून उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी खोलीत होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पात्रात लांबवर दोर बांधून लोकांना अडवलं होतं. गाव जमलं होतं. त्यातली म्हातारी माणसं 'पोकळ गोळी' म्हणून हसणाऱ्यांची पोरं होती, आज कोणी हसत नव्हतं. नाना दोन शिपायांच्या मधे उभे होते. ज्योती त्यांच्या उजव्या बाजूला, आणि मी थोडा मागे. शिट्टी झाली. मग खड्ड्यातून रेतीचा लोट उठला आणि पायाखालची जमीन हलली. काठावरच्या बाभळीतले बगळे उडून गेले. रेती हळूहळू खाली बसली.

नाना वळले. पथक आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "दणका पायाले समजना. आवाज माले समजना नई. एक व्हयना का दोन?"

पायांना दणका कळला होता, कानांना आवाज नाही; त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. पथकाच्या स्फोटाचा एक. आणि त्याच्या पोटात, त्याच्या पाठोपाठ, बापाचा दुसरा. मी सगळा जन्म आकडे मोजण्यात घालवला आहे. आवाज एकच झाला होता.

"दोन, आबाजी," ज्योती त्यांच्या कानाशी ओरडली. "एक मोठा, अन् त्याच्या मांगून एक ल्हान. मी आयकला."

नाना तिच्याकडे बघत राहिले, मग पुन्हा माझ्याकडे. "मास्तर?"

"दोन," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, नाना. दोन."

त्यांनी मान हलवली. "मंग बाप खरं सांगे," म्हणाले, माझ्याशी नाही, तिच्याशीही नाही. शिपायाने हात धरायच्या आधीच त्यांनी ज्योतीचा खांदा धरला आणि दोघं रेतीतून काठाकडे चालायला लागली. त्या मुलीने चढावर एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. नानांनी मागे पाहिलं नाही.